तक्रार इंग्रजीत करावी

आमच्या घरात दुखायला मनाई नव्हती, पण मराठीत दुखायला होती. मी काही शब्द फिरवून सांगतेय असं समजू नका. खरोखरचा नियम होता तो, आणि अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एका रविवारी जेवताना तो जाहीर केला होता. बदनापूरला स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या. वर पत्रे, समोर शेणानं सारवलेला ओटा, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातल्या साहेबांची. गाडी आली की ताटल्या थरथरायच्या आणि मांडणीवरचा एक पेला हटकून खाली पडायचा. तो पेला आतल्या बाजूला ठेवावा हे आम्हाला कधी सुचलं नाही. अण्णा गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं आणि आईसुद्धा सरच म्हणायची. "सर, जेवाया चला." "सर, जवारी दळून आणायची हाये." लग्नाच्या पहिल्या वर्षी ती नुसतं "अहो" म्हणायची, पण सगळा गाव एक म्हणतो आणि आपण दुसरंच कामून म्हणावं, असा तिचा सरळ हिशेब होता.

त्या रविवारी येसराची आमटी होती आणि माझी धाकटी बहीण बेबी दात दुखतो म्हणून भाकरी बाजूला सारत होती. मी तर आधीपासूनच कुरकुरत होते, बहुधा वेणी घट्ट घातली म्हणून. अण्णांनी हातातला घास खाली ठेवला आणि वर्गात बोलावं तसं बोलले, "माणूस भाषा शिकतो ती गरजेपोटी. तुम्हा दोघींना रोज गरज पडते ती कुरकुरीची. तवा आजपासून ह्या घरात कुरकुर फक्त इंग्रजीत होईल. मराठीत केलेली ऐकली जाणार न्हाई. चांगलं काय असंल ते मराठीत सांगा, दुखलं खुपलं इंग्रजीत." आईला अर्थातच माफी होती, कारण तिची शाळा दुसरीत सुटली होती. पण आई गप्प बसणारी नव्हती. भाकरी थापता थापता म्हणाली, "सर, बुद्धानं पह्यली गोष्ट कोन्ती सांगितली? दुःख हाये म्हून. त्यानं काय इंग्रजीत सांगितली का?" अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पालीत सांगितली," ते म्हणाले, "ती बी शिकवीन. आधी इंग्रजी होऊ दे."

नियमाचं पहिलं कलम "आई गं"वर होतं. ठेच लागली, चटका बसला, दारात बोट सापडलं, तर "आई गं" म्हणायचं नाही, "आऊच" म्हणायचं. अण्णा आमची तालीम घ्यायचे. पाठीमागून येऊन हळूच चिमटा काढायचे आणि कान टवकारून उभे राहायचे. बेबी लहान होती, तिच्या जिभेला कसलंही वळण लागायचं, ती पटकन "आऊच" म्हणायची आणि शेंगदाण्याची वडी मिळवायची. माझं मात्र निम्मं "आई" तोंडातून बाहेर पडलेलं असायचं आणि मग त्याचं "आ... ऊच" व्हायचं. आई चुलीपाशी बसून तोंडाला पदर लावून हसायची. "शोभे," ती मला म्हणायची, "मला बोलावता बोलावता कुठं निघून गेलीस गं?" परवा जालन्यात गुडघ्यात इंजेक्शन घेतलं तेव्हा माझ्या तोंडून "आऊच" गेलं. साठी उलटली, नातवंडं झाली, तरी जीभ तिथंच आहे. नर्स पोरगी म्हणाली, "आजी, तुम्ही लई मॉडर्न आहात." काय सांगणार तिला!

अण्णांचं इंग्रजी पुस्तकातलं होतं, पण त्यांना त्यातली बोलीतली वळणं फार आवडायची, आणि त्यातही दुखण्याची वळणं. इंग्रज माणूस स्वतःचं दुखणं सांगत नाही पण दुसऱ्याला दुखणं म्हणतो, हे त्यांना भारी शहाणपणाचं वाटायचं. "पेन इन द नेक", मानेचं दुखणं. हेडमास्तर पेन इन द नेक. स्टेशनवरचा भोंगा पेन इन द नेक. शेजारच्या यमुनामावशीची काळी शेळी, जी अण्णांची वाळत घातलेली धोतरं चघळायची, ती तर सगळ्यात मोठी पेन इन द नेक. यमुनामावशी धनगराची. नवरा मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर, आणि ही दोन शेळ्या आणि एक खाट घेऊन आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. तिच्याकडं दुखण्याला शब्दांचा तोटा नव्हता. सकाळी उठली की ओट्यावरूनच आईपाशी सुरू व्हायची, "काय सांगू शांते, डोकं ठणकून राह्यलं, पाठीत चमक भरली, पायाला मुंग्या, न् पोटात नुस्तं कालवून राह्यलं." एवढं बोलून झालं की तरतरीत व्हायची आणि शेळ्या सोडायला निघायची. एकदा आईनं तिला सहज सांगितलं, की सर म्हणतात हेडमास्तर म्हणजे मानेचं दुखणं. संध्याकाळी यमुनामावशी वाटीत लसूण घालून कढवलेलं तेल घेऊन हजर! "सर, बसा खाली. हेडमास्तरनं मान धरली म्हणं तुमची?" अण्णा समजावू लागले की ती नुसती म्हणायची पद्धत असते. ती म्हणाली, "म्हणायची पद्धत तं म्हणायची पद्धत. तेल लावल्यानं काय बिघडतं?" आणि तिनं खरंच मान चोळून दिली. अण्णा नंतर म्हणाले, बरं वाटलं.

दुसरं त्यांचं लाडकं वळण होतं "टेक पेन्स". कष्ट घे, नेटानं कर. माझी वही पाहिली की "टेक पेन्स, शोभा", बेबीनं अक्षर गिरवलं की "टेक पेन्स, बेबी". आईनं एकदा विचारलं, "ह्याचा अर्थ काय हो, सर?" अण्णांनी सांगितलं, शब्दाला शब्द लावला तर दुखणी घ्या. आई जात्याखालचं पीठ गोळा करत होती, थांबली. "घ्या म्हंजी? बाजारातून आणायची का इकत? मी तं रोज घेते, मला कुणी न्हाई म्हणत." आई कृषी संशोधन केंद्राच्या रानात रोजानं जायची. तुरीचे प्लॉट, मुगाचे प्लॉट, निंदणी, खुडणी, जे असेल ते. संध्याकाळी परत आली की तिच्या लुगड्याला तुरीच्या पाल्याचा वास यायचा, चिकट, हिरवा. बोटांची टोकं काळी पडलेली असायची आणि ती चिंचेनं घासायची. पण दुखतं म्हणून ती कधी बोलली नाही. तिला माफी होती तरी नाही. आमच्यासमोर तरी नाही. मी आता राहते तिथं, एमआयडीसीच्या रस्त्याला, एक व्यायामशाळा आहे. तिच्या काचेवर मोठ्या अक्षरात "नो पेन, नो गेन" लिहिलंय. रोलिंग मिलवरची पोरं ड्यूटी सुटल्यावर मोटारसायकली लावून तिथं लोखंड उचलायला जातात. दिवसभर लोखंड, संध्याकाळी पुन्हा लोखंड. माझी नात ते वाचून दाखवते आणि मला आईचं "बाजारातून आणायची का" आठवतं.

आई नियम का पाळते हे मला एका दुपारी कळलं. शाळेला सुट्टी होती, आई सुपात डाळ घेऊन खडे वेचत होती आणि मी नियमाला कंटाळून म्हणाले, की अण्णांचं हे काहीतरीच असतं, यमुनामावशी बघ कशी मोकळी ओरडते. आईनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "तुझ्या आजीला तू पाह्यलं न्हाई. मी बी न्हाई. ती मंठ्याकडं सडकंच्या कामावर खडी फोडायची. सर तवा बारके. शाळा सडकंला लागूनच. मास्तरनं सरांला छडी मारली, न् सर ओरडले, आई गं म्हून. लेकराच्या तोंडातून जातंच की. पण तिला ते ऐकू गेलं. ती पाटी टाकून पळत आली. दाराशी आली न् थांबली. तिला आत कोण येऊ देतं? मास्तर म्हनला, थांब तिथंच. ती उंबऱ्याभाईर उभी, हात खडीनं पांढरे झालेले, न् आतमधी सगळे पोरं हसून राह्यले, बोलावली न् आली, बोलावली न् आली. तिच्यासमोर मास्तरनं आणखी मारलं." आईनं पुन्हा सूप उचललं. "तव्हापसून सरांच्या तोंडात तो शब्द न्हाई. म्हून मी ऐकते त्यांचं. हसू येतं मला बी. पण ऐकते." मी विचारलं, मग आजीचं काय झालं. "काय व्हायचं? गेली परत खडी फोडाया," आई म्हणाली आणि एक खडा अंगणात फेकला.

त्या हिवाळ्यात आईच्या पोटात दुखायला लागलं. आम्हाला एवढंच दिसायचं की ती भाकरी थापता थापता मध्येच थांबते आणि पिठाचे हात तसेच ठेवून भिंतीला टेकते. विचारलं तर म्हणायची, धूर गेला डोळ्यात. जेवायला आमच्या मागून बसायची आणि तिचं ताट तिच्यापुढं तसंच राहायचं. मग एकदा घराच्या मागं दगडावर कपडे धूत असताना तिनं मला विचारलं, "पोटाला काय म्हणत्यात गं इंग्रजीत?" मी सांगितलं. "ष्टमक," ती म्हणाली. मी म्हटलं, स्टमक. "त्येच ते. ष्टमक." बाकीचं तिला येत होतं. रोज ऐकून ऐकून "पेन इन द" पाठ होतं, नेकच्या जागी ष्टमक घालायचं एवढंच. कपडे पिळता पिळता तिनं ते घोकलं. मला मजा वाटत होती, आईला शिकवायची मजा. मी विचारलंही, तुझं दुखतं का गं पोट? ती म्हणाली, "दुखंल तवा कामाला यील."

संध्याकाळी तुरीच्या सोल्याची आमटी होती. हिरवे दाणे वाटून, वर लसणाची फोडणी. आमच्या घरी हिवाळ्यात तोच सण असायचा. अण्णा जेवायला बसले. आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि तिथंच उभी राहिली, एक हात पदराखाली. "सर," ती म्हणाली. अण्णांनी वर पाहिलं. "आय हॅव," ती म्हणाली, तेही तिला ऐकून येत होतं हे मला माहीत नव्हतं, "आय हॅव पेन इन द ष्टमक."

अण्णा ताटावरून उठले. उष्ट्या हातानंच टाळ्या वाजवल्या. मी त्यांना इतकं आनंदलेलं त्यापूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच. "शांता! अगं, पूर्ण वाक्य! कर्ता, क्रियापद, सगळं बराबर! कुणी शिकवलं? शोभे, तू? अगं, माझ्या दहावीच्या पोरांना जमत न्हाई!" ते दारात गेले आणि भिंतीपलीकडं हाक मारली, "यमुनाबाई, इकडं या जल्दी, शांता इंग्रजी बोलली!" यमुनामावशी आली. आईला पुन्हा म्हणायला लावलं. आई पुन्हा म्हणाली. यमुनामावशीनं तिच्या गालावरून बोटं मोडली. "मडमीन झाली की गं माझी बाई." मग अण्णा तसेच, शर्टाची बटणं उघडी, स्टेशनपाशी गेले आणि कागदात गरम जिलेबी घेऊन आले. आमच्या घरी जिलेबी पंधरा ऑगस्टला यायची, नाहीतर नाही. आम्ही सगळे खात होतो. आईनंही एक कडं खाल्लं. तीही हसत होती, खरंच हसत होती, तोंडाला पदर न लावता. तिचा दुसरा हात मात्र पदराखालीच होता, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं होतं की नाही, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, मग पोटाचं काय? "थांबलं बघ," ती म्हणाली. "जिलेबीनं थांबलं." मग थोड्या वेळानं, आपल्याशीच बोलल्यासारखी, "किती खूश झालते सर. आयुष्यात मला कुणी टाळ्या वाजवल्या का? मंग त्यात आणखी काय सांगावं?" मी पोर होते, मला ते पटलं. आता मी तिच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी मोठी झाले आहे, आता पटत नाही. पुष्कळदा वाटतं, तिला गदागदा हलवावं आणि म्हणावं, बाई गं, अजून एकदा सांगायचं होतंस. मराठीत सांगायचं होतंस. ओरडून सांगायचं होतंस. पण ती तशी नव्हती. दिलेला आनंद परत मागून घेणं तिला जमलं नसतं.

उन्हाळा लागता लागता ती रानात खाली बसली आणि तिला उठताच येईना. बरोबरच्या बायकांनी तिला सावलीत नेलं, पाणी मारलं आणि बैलगाडीत घालून घरी आणलं. अण्णा शाळेतून धावत आले. पॅसेंजरनं तिला जालन्याला नेलं, आम्ही दोघीही बरोबर, कारण आम्हाला ठेवायचं कुठं, आणि यमुनामावशी आईचं डोकं मांडीवर घ्यायला. डब्यात गर्दी नव्हती. आई खिडकीशी आडवी, ओठ दाताखाली धरलेला, आणि अण्णा समोरच्या बाकड्यावर पुढं वाकून बसलेले. "शांता, कुठं दुखतंय सांग. मराठीत सांग. मी सांगतो ना, मराठीत सांग." आईनं डोळे उघडले. त्याही वेळी तिच्या चेहऱ्यावर थट्टा होती, मी ती ओळखते. "आता सवय मोडली, सर," ती म्हणाली. यमुनामावशीनं तोंड खिडकीकडं फिरवलं.

दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते, वाईट वागले नाहीत. त्यांनी आईला पडद्यामागं तपासलं, हात धुतले आणि अण्णांना बाहेरच्या बाकावर बसवलं. आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना. पोटात गाठ आहे, म्हणाले, मोठी आहे, आणि आता फार उशीर झालाय. मग डॉक्टरांनी विचारलं, "एवढं दुखत असणार मास्तर, बाईंनी कधी सांगितलं नाही का?" अण्णा म्हणाले, "न्हाई हो. कधीच न्हाई. ती कधी कुरकुर करायचीच न्हाई." आणि मग बेबी, जिला काही कळत नव्हतं, जी पाय हलवत बसली होती, ती म्हणाली, "सांगितलं होतं की, अण्णा. तुम्ही जिलेबी आणली होती."

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. डॉक्टरांना ह्यातलं काही समजलं नसणार, त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले. अण्णा उठले नाहीत. त्यांनी दोन्ही हात समोर धरले होते, तळवे वर करून, आणि ते त्या तळव्यांकडं बघत होते. मला वाटतं, त्या टाळ्या त्यांना तिथं दिसत होत्या. नंतरच्या आयुष्यात मी त्यांना कुठल्याही समारंभात टाळी वाजवताना पाहिलं नाही. माझ्या लग्नात नाही, शाळेनं त्यांना निरोप दिला तेव्हा नाही.

आईला घरी आणलं. शाळा तेव्हा सकाळची असायची. आम्ही शाळेत जाताना ती खाटेवर उशीला टेकून बसलेली असायची, आमच्या वेण्या घालून द्यायची. आम्ही परत यायचो तेव्हाही तशीच बसलेली. आम्हाला वाटायचं, आता तिला फार दुखत नाही. ती गेल्यावर कितीतरी दिवसांनी यमुनामावशीनं सांगितलं. "तुम्ही पोरी गल्लीच्या कोपऱ्यावर वळल्या का मंग ती ओरडायची. आई गं, आई गं, आई गं. पत्र्यापार आवाज जायचा. मी म्हणायचे, ओरड माय, ओरडल्यानं हलकं होतं. न् शाळेची घंटी झाली का गप्प. मला म्हणायची, तोंड पूस माझं, पोरी यायल्या." अण्णांना ह्यातलं माहीत होतं का? होतं. शेवटचा महिना ते शाळेत जातच नव्हते. ओट्यावर बसून असायचे.

ती गेली. बुद्धवंदना झाली, माणसं आली आणि गेली. यमुनामावशी दोन्ही वेळा कोरड्यास आणून द्यायची, पण भाकरी मी आणि बेबीनं शिकायच्या असं तिनं ठरवलं होतं, कारण पोरींनी रिकामं बसलं की मनात येतं. नियमाचं नाव कुणी काढलं नव्हतं. कुणी मोडलाही नव्हता. तक्रार करायला तोंडच कुणाला होतं? अण्णा शाळेत जायचे, यायचे, भिंतीवरच्या तसबिरींची धूळ पुसायचे. गाडी आली की मांडणीवरचा पेला पडायचा आणि ते तो उचलून तिथंच ठेवायचे.

एका सकाळी अण्णा दारात आरसा टांगून दाढी करत होते. मी पीठ मळत होते आणि बेबीनं, मी नको म्हणत असताना, तवा सरळ करायला हात घातला. चांगला पंजा टेकला. मला चर्र आवाज ऐकू आला. बेबीचं तोंड उघडलं, डोळे भरले, आणि ती हळू, अगदी बेतानं म्हणाली, "आऊच." म्हणाली आणि अण्णांकडं पाहिलं, बरोबर आलं का म्हणून.

अण्णांनी वस्तरा टाकला. अर्ध्या गालावर साबण तसाच. तिला उचललं, तिचा हात रांजणातल्या पाण्यात धरला आणि तिथंच खाली बसले. "बेबे, आई गं म्हण," ते म्हणाले. बेबीला कळेना. "आऊच न्हाई का म्हणायचं?" "न्हाई. बिलकुल न्हाई. आई गं म्हण, पोरी. एकदा म्हण." बेबीचे ओठ हलले. तिला खरंच म्हणायचं होतं, ती अण्णांचं सगळं ऐकायची. पण आवाज निघेना. इतके दिवस वळवलेली जीभ तशी परत फिरत नाही, आणि जिला बोलवायचं ती तर नव्हतीच. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "शोभे, तू म्हण." मलाही आलं नाही.

तेव्हा अण्णा ओरडले. बेबीचा हात पाण्यात, स्वतःचं डोकं रांजणाच्या काठावर, आणि लहान पोरानं ओरडावं तसे ओरडले. "आई गं!" पुन्हा, "आई गं!" किती वर्षांचं साठलेलं होतं ते, मंठ्याच्या त्या शाळेपासूनचं. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

यमुनामावशी शेळी पिळत होती. चरवी तशीच टाकून ती पळत आली. हात दुधानं पांढरे. ती उंबऱ्यावर थांबली नाही. पायातल्या वहाणांसकट आत आली, सरांच्या पुढं बसली आणि ते दुधाचे हात त्यांच्या डोक्यावर ठेवले. "काय झालं, सर? कुठं दुखून राह्यलं?"

मला वाटलं, अण्णा सांगतील पोरीचा हात भाजला. त्यांनी छातीवर हात ठेवला.

"इथं, यमुनाबाई," ते म्हणाले. "इथं लई दुखून राह्यलं."